ताजे जर्दाळू आलेत, काय करू?

भाऊ फौजेत आहे लेहला, काल सुट्टीवर आला त् दोन किलो ताजे जर्दाळू घेऊन आला. आपण वाळलेलेच पाहिलेले, हे त् पिवळेधम्मक, एका गालावर लाली अन् अंगावर बारीक लव. पण अर्धे रस्त्यात दबले, वरून पावसाची दमट हवा, उद्यापर्यंत टिकत नाहीत. काय करू वो?

आर्वीवाली: ताई, दबलेल्यांचा गुळांबा करा. बी काढा, साल राहू द्या, किलोला पाऊण किलो गूळ, दोन लवंगा, पाणी अजिबात नको, त्याचंच सुटते. लोखंडी कढई नको, आंबट फळ आहे, स्टीलचं पातेलं घ्या. थोडा पातळ असतानाच उतरवा, थंड झाल्यावर घट्ट होते. ज्वारीच्या भाकरीसंग लय मस्त लागते!

वरूडकर: चांगले आहेत ते शिजवू नका बाप्पा, तसेच खा. फ्रिजमधले असले त् अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडगार फळाले वासच येत नाही.

आर्वीवाली: अन् बिया लेकरांच्या हाती देऊ नका. लडाखच्या रक्तसे कारपो जातीच्या जर्दाळूची बी गोड असते, २०२२ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्याले, पण कडू बी पोटात गेली की सायनाइड तयार होते.

ताई: गुळांबा चढवला, घरभर वास सुटला! बिया फेकल्या.