कौलारू घर उतरवायचंय: सागवान, कौलं, चिरा शाबूत कसा काढावा?

परसबाग: मंडळी, रत्नागिरी तालुक्यातलं जुनं घर आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या (घडीव दगडांच्या) भिंती, मंगलोरी कौलं, सागाचे वासे आणि तुळया. त्याच जागी लहान घर बांधायचंय, जुनं सामान वापरून. ठेकेदार म्हणतो जेसीबी लावू, दोन दिवसांत साफ. हाताने उतरवायचं तर क्रम काय?

आढं_वासा: जेसीबी अजिबात नको, कौलं आणि सागवान दोन्ही मातीत जाईल. आधी वीजजोडणी तोडून घ्या. मग कोने (छपराच्या माथ्यावरची कौलं) काढा आणि दोन्ही पाख्यांवरची (उतारांवरची) कौलं बरोबरीने उतरवत या. एकच पाखं रिकामं केलं तर भार एका अंगाला जातो, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) सरकतं. पाय वाशावरच ठेवायचा. रीप (कौलं टेकतात ती आडवी पट्टी) खिळ्यापाशी कुजलेली असते. कौलं हातोहात खाली द्या आणि उभी रचा, आडवे थर लावले की खालची तडकतात. प्रत्येक कौल वाजवून बघा, बद्द वाजलं तर बाजूला. पाठीवरचा शिक्का बघून कारखान्यानुसार वेगळी ठेवा. दोन कारखान्यांच्या खाचा नीट बसत नाहीत आणि पावसात तिथेच गळतं. १०० चौरस फुटांना साधारण १४०-१५० कौलं धरा.

रंधा: लाकडाचं सांगतो. तुळईचं भिंतीत कोंडलेलं टोक आधी तपासा, ओल आणि वाळवी तिथेच असते. स्क्रूड्रायव्हर सहज घुसला तर तेवढा भाग कापावाच लागेल. म्हणजे तुळई दोन्हीकडून आखूड होणार! म्हणून नकाशा आधी आणि लाकूड नंतर असं करू नका. कापून उरलेल्या लांबीवर खोलीची रुंदी ठरवा. खिळे ठोकून आत दाबू नका, उपटून काढा. आत राहिलेला एक खिळा लाकूड कापायच्या गिरणीचं पातं घालवतो, मग गिरणीवाला तुमचं लाकूड घेणारच नाही. पुन्हा जोडण्यासाठी लाकडांवर नंबर टाकायचे ते सांध्याच्या आतल्या बाजूला, नाहीतर रंधा मारताना पुसले जातात.

परसबाग: आणि चिरा?

आढं_वासा: मातीत बांधलेला असेल तर वरच्या थरापासून पहारीने सहज सुटतो. नंतर कधी सिमेंटने दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरल्या असतील तर छिन्नीने दरज आधी मोकळी करा, नाहीतर कड तुटते. आढं निघालं की त्याखालची तिकोनी भिंत बिनआधाराची होते, ती त्याच दिवशी उतरवा.

रंधा: उरलेलं सागवान विकणार असाल तर गाडी भरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक पासाची चौकशी करा. घर उतरवण्याआधीचे फोटो आणि घरपट्टीची पावती जवळ ठेवा.