कमी पळालेली फेरारी: मीटरपेक्षा तारखा बघा
जुनी फेरारी घेताना कुणी म्हणतं की १५ वर्षांत जेमतेम ९,००० किमी झालेत, म्हणजे दुरुस्तीचा खर्च येणार नाही. उलट आहे. रबर किलोमीटर मोजत नाही.

पहिला प्रश्न टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणाऱ्या रबरी पट्ट्याचा. फेरारी ३५५ असेल तर बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटमागच्या झाकणातून हात पोचतो. ४३० पासून चेनच आहे. बेल्ट एकाच जागी वर्षानुवर्षं वाकलेला राहतो, टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या) बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं. तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि मग बोलायलाच नको. त्यामुळे ‘बेल्ट केलाय’ एवढ्यावर विश्वास नको. बिल मागा, त्यावर तारीख आणि टेन्शनरचा उल्लेख हवा.

टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख: २३१७ म्हणजे २०१७ चा २३ वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत दिसली तरी इतके जुने टायर बदलायचेच.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारे भाग) आतून गंजतात.

बघायला जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दिसली की मला शंका येते. आणि घेतल्यावर ‘आठवड्यातून पाच मिनिटं स्टार्ट’ हा प्रकार बंद! ऑइल तापत नाही, पाणी सायलेन्सरमध्ये साचतं. त्यापेक्षा बॅटरीला मेंटेनर (ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा आणि महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण तास नीट चालवा.