खाऊच्या डब्यातली खसखस

"औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, घरच्या खाऊला दुबईत कोणी अडवत नाही" हा प्रवाशांना दिला जाणारा सल्ला मला अर्धाच पटला. चिठ्ठी हवीच, मात्र कोडीन असलेले खोकल्याचे औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी न्यायची असेल, तर संयुक्त अरब अमिरातीत नुसती चिठ्ठी पुरत नाही, तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी प्रवासापूर्वीच घ्यावी लागते.

खाऊच्या बाबतीत खरी अडचण खसखशीची आहे. ती अफूच्या झाडाचे बी असल्यामुळे तिथे तिच्यावर बंदी आहे, आणि आपल्याकडे ती कोणत्याही वाण्याकडे सहज मिळत असल्याने ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच येत नाही. दिवाळीनंतर बहिणीकडे शारजाला निघालो, तेव्हा आईने अनारशांचा डबा बांधून दिला होता. आदल्या रात्री बॅग भरताना डब्याच्या तळाशी गळलेले ते बारीक पांढरे दाणे दिसले आणि मी डबा घरीच ठेवला. आईला फार वाईट वाटले, पण दुसरा मार्ग नव्हता. अनारशांवर खसखस निदान डोळ्यांना दिसते. करंजीचे सारण, डिंकाचे लाडू आणि घरी कुटलेला गोडा मसाला यांत ती भाजून, वाटून मिसळलेली असते, त्यामुळे करणाऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय असा डबा कृपया बॅगेत घालू नका, मग तो शेजाऱ्यांनी कितीही प्रेमाने दिलेला असो. चकली, शेव, शंकरपाळे खुशाल न्या.