मदत हवी आहे: सेंट किल्डाकडून यंदा किती आशा ठेवावी?

मेलबर्नमधल्या फुटीवेड्या (म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलवेड्या) मंडळींनो, २०२६ चा हंगाम तोंडावर आलाय आणि आमचं अख्खं घर सेंट किल्डा क्लबचं. क्लबचं एकमेव विजेतेपद १९६६ चं, तेही कॉलिंगवूडवर फक्त एका गुणाने! २०१० ची फायनल बरोबरीत सुटली, पुढच्या शनिवारी पुन्हा खेळवली, ती हरलो. अजून टोचतं ते.

यंदा मात्र टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वानी हे खेळाडू आलेत, नसाया वांगानीन-मिलेरा क्लबमध्येच थांबलाय. मनापासून वाटतंय, काहीतरी होईल.

पण डी कोनिंग आणि रोवन मार्शल दोघेही रकमन, उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारे. त्यांना एकत्र कसं खेळवतील? सराव सामन्यात स्कोअर सोडून नेमकं काय बघायचं? आणि आईबाबा पुण्याहून येताहेत, मार्व्हल स्टेडियममध्ये त्यांना कुठे बसवलं तर खेळ नीट कळेल?