पुन्हा टँकर! (सोसायटी ग्रुप, एप्रिल २०२५)

मंजिरी, बी-४०२: पाटील साहेब, साडेसहापासून नळ कोरडा. सासूबाईंची आंघोळ अर्धी राहिली. आठवड्यातला तिसरा टँकर. गेल्या जुलैत याच पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी होतं ना? तेव्हा मोटार लावून बाहेर फेकलं, आता विकत आणतोय.

पाटील (सचिव): नमस्कार मंजिरीताई. बोअर काल रात्री आटलं. टँकर साडेनऊपर्यंत येईल. कृपया सहकार्य करावे 🙏

गोखले काका, ए-१०१: टँकरचा मार्चचा हिशोब अजून ग्रुपवर आलेला नाही.

सलीमभाई, ए-३०३: काल ए विंगखाली कुणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. नाव घेत नाही.

निखिल, ए-३०४: पांढरी गाडी एकच आहे सलीमभाई, घ्या नाव. बादलीनेच धुतली. पाइप फक्त शेवटी.

वैशाली, बी-२०४: शेवट पाऊण तास चालला 😄

निखिल: आणि तुमच्या कुंड्यांचं पाणी? माझ्या काचेवर रोज अभिषेक होतो.

पाटील (सचिव): विषय सोडून बोलू नये.

श्रुती, सी-५०१: मंजिरीकाकूंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. २५ जुलै २०२४ ला पुण्यात शिवाजीनगरला २४ तासांत ११४ मिमी पाऊस झाला. आपली गच्ची सहा हजार चौरस फूट धरा. तेवढ्यावरच ६३ हजार लिटर पडलं. दहा हजारांचे सहा टँकर, सगळे गटारात. आपल्याखाली काळा पाषाण आहे. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढंच पाणी मुरतं, तेही सावकाश. चार दिवस रिपरिप झाली तर बोअरला मिळतं. चार तासांत कोसळला तर मुठा नदीत जातं.

गोखले काका: पाऊस असाच असतो. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत होतो. आमचा वाडा पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. हवामान बदल हा शब्दही नव्हता.

श्रुती: काका, तो पूर धरण फुटल्याचा होता. पहिल्याच पावसाळ्यात पाणी अडवलं होतं. मी पावसाबद्दल सांगतेय. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ च्या नोंदी तपासल्या, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या परिसरावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढलेत. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पडतो तेव्हा धो धो, मधे नुसती उघडीप.

वैशाली: पण धरणं तर भरतात ना गं?

श्रुती: पुण्याची चारही धरणं मिळून २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यात खडकवासला जेमतेम दोन. ते पटकन भरतं आणि मग नदीत सोडावंच लागतं. आधीच रिकामं ठेवावं तर पुढे पाऊस दडी मारेल ही भीती. शिवाय त्याच पाण्यावर दौंड-इंदापूरची शेतीही आहे.

गोखले काका: मार्चचा हिशोब.

सलीमभाई: जनरेटरमागे पावसाचं पाणी मुरवायला शोषखड्डा होता. २०१९ ला पेव्हर ब्लॉक टाकताना बुजवला. कुणाच्या पार्किंगसाठी, ते सगळ्यांना माहीत आहे.

पाटील (सचिव): तो ठराव सर्वसाधारण सभेत झाला. आपण गैरहजर होता.

सलीमभाई: हजला गेलो होतो साहेब. नोटीस बंद दारावर चिकटवलीत.

मंजिरी: भांडण नंतर. श्रुती, करायचं काय ते सांग.

श्रुती: दर रविवारी सकाळी सहाला बोअरची पातळी मोजायची. आदल्या रात्री पंप बंद हवा, नाहीतर खरी पातळी कळत नाही. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवायचा. जून ते डिसेंबर नोंदी झाल्या की कुठल्या पावसाने पातळी किती चढते आणि किती दिवसांनी, ते दिसेल. खड्डा कुठे आणि केवढा, ते त्यावरून ठरवू. माझ्या एमएस्सीच्या प्रकल्पालाही उपयोग होईल, हे लपवत नाही.

निखिल: रात्रभर पंप बंद? मी शिफ्टवरून अडीचला येतो.

वैशाली: शनिवारी पण?

निखिल: शनिवारी नाही. बरं. लांब टेप माझ्याकडे आहे, घेऊन जा.

गोखले काका: मोजून पाणी वाढत नाही. तरी वही आणून द्या. पहाटे मी खाली असतोच, आकडे मी लिहीन. तुम्हा मुलांचं अक्षर वाचता येत नाही. मार्चचा हिशोब मात्र हवा.

श्रुती: काका 🙏 संध्याकाळी वही आणते.

पाटील (सचिव): पंपरूमची चावी वॉचमनकडे ठेवतो. हिशोब रात्री टाकतो. टँकर आला आहे, टाकी भरायला अर्धा तास लागेल.

मंजिरी: आलं पाणी. साहेब, शोषखड्डा पुढच्या सभेत पहिला विषय घ्या. आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका.