मोठ्या काकांना 1978 च्या जाळपोळीबद्दल माफी मागायची आहे, कसं जावं?

मेहकरचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आमचे मोठे काका 1978 साली शिकायला मराठवाड्यात मामाकडे होते. 27 जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला आणि मग त्याच्या विरोधात खेडोपाडी दलितांच्या वस्त्यांवर काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. मामाच्या गावच्या पोरांसोबत काकाही बौद्धवाड्यावर गेले, एका घराच्या छपरावर रॉकेल त्यांनी स्वतः ओतलं. माणसं आधीच रानात पळाली होती म्हणून वाचली, पण घर गेलं, कणगीतली ज्वारी गेली. केस कोणावरच झाली नाही. आता काका म्हणून राहिले की त्या घरचा मुलगा अजून तिथंच राहतो, जाऊन त्याचे पाय धरतो. काकू म्हणते जुनी मढी उकरू नका, बाबा म्हणतात आधी घरातली लग्नं उरकू द्या. काका मात्र रात्री उठून बसतात, जेवणही धड नाही. काय करावं?

दुसरबीडकर:
दादा, माझे वडील नामांतरासाठी निघालेल्या 1979 च्या लाँग मार्चमध्ये होते. दीक्षाभूमीवरून निघाले आणि इकडं आमच्याकडे खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, लाठ्या खाल्लेली माणसं आमच्या घरात होती म्हणून मनापासून लिहितो. पाय धरायला लावू नका. गावासमोर म्हातारा माणूस पाया पडला की समोरच्याला उठा उठा म्हणावंच लागते, त्याला नाही म्हणायची जागाच राहत नाही. आधी कोणाच्या तरी हाती निरोप पाठवा, भेटायचं का ते त्याला ठरवू द्या, नाही म्हणाला तर तिथंच थांबा. आणि भेटलेच तर "त्या वेळी वातावरणच तसं होतं" हे वाक्य नको, "रॉकेल मी ओतलं" एवढं म्हणा. दुसरं म्हणजे हेच मामाच्या गावच्या चावडीवर आपल्या लोकांसमोरही बोला. तिथं त्या वेळी ज्यांनी पाठ थोपटली त्यांच्या नातवांनी ऐकलं पाहिजे, माझ्या मते खरी माफी तिथं आहे.

कोर्टाजवळचा:
भावनेचं बरोबर आहे पण कायद्याचं पण बघा. घर पेटवणे म्हणजे भादंवि कलम 436, जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीचं बंधन नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायदा 1989 चा, तो मागच्या घटनेला लागत नाही. पण लेखी कबुली दिली तर ती पुरावा होऊ शकते, काकांनी हे समजून उमजून जावं, कोणी भरीस घालून नाही.

वाशिमची_लेक:
आमचं घर जळालं तेव्हा माझा जन्मही नव्हता, पण भोगलं मी. आजोबांची पत्र्याची पेटी जळाली, तिच्यात त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. जात पडताळणीला 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, भावाची अ‍ॅडमिशन त्यात अडकली, बाबा शाळेचं जुनं रजिस्टर शोधत फिरले, तहसीलच्या खेटा तर विचारूच नका. म्हणून सांगते, काकांनी त्या घरी जाऊन विचारावं की तुमचं काय काय जळालं. भांडी, जमिनीचे कागद, दाखले, सगळं ऐकून घ्यावं, मधे बोलू नये. आणि त्यांना गरज असेल तर हे घर पेटवलं गेलं तेव्हा मी तिथं होतो असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं. आम्हाला असं सांगणारा कोणीच भेटला नाही. रडून मोकळं व्हायचं असेल तर ते घरी करा, त्यांच्या ओट्यावर नको.

मेहकरचा_पोरगा:
ताई, तुमचं काकांना वाचून दाखवलं. पेटीचं ऐकल्यावर म्हणाले, त्या घरातूनबी एक पेटी बाहेर ओढली होती पोरांनी, कुलूप तोडून कागद आगीत टाकले, हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. वर दिलेलं कायद्याचंही सांगितलं, तरी प्रतिज्ञापत्राला तयार आहेत. काकू रडून राहिली. निरोप कोणाच्या हाती पाठवायचा तेवढं सुचवा, तिकडं आमची ओळख फक्त मामाकडच्यांची आहे.

दुसरबीडकर:
मामाकडच्यांना मधे घेऊ नका. जालन्याकडं वडिलांचे मार्चमधले जोडीदार आहेत, आज रात्री त्यांना फोन लावतो. गावाचं नाव मेसेजमध्ये पाठवा, इथं टाकू नका.