उत्तर: कच्चा माल स्वस्त, पण पुढचं काय?
साखर कारखान्यातल्या मळीसारखा टाकाऊ कच्चा माल फुकट मिळाला की जैविक सर्फॅक्टंट (सूक्ष्मजीवांनी बनवलेले साबणासारखे पदार्थ) आपोआप स्वस्त होतील, हे मत मला अर्धंच पटतं. तयार झालेलं सर्फॅक्टंट वेगळं काढणं आणि त्याचं शुद्धीकरण यात बराच पैसा जातो. मळीचा गडद रंग तर शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

नत्राचा मुद्दा मात्र राहिलाच. स्यूडोमोनास हा जीवाणू भराभर वाढत असताना ऱ्हॅम्नोलिपिड हे सर्फॅक्टंट बेताचंच देतो. माध्यमातलं (जीवाणू ज्यात वाढवतात त्या द्रवातलं) नत्र संपलं आणि त्याला अन्न म्हणून दिलेलं तेल शिल्लक असलं, की उत्पादन जोर धरतं. म्हणून टाकाऊ माल निवडताना त्यातलं नत्र आधी मोजा. आणि फेस! हवा वाढवली की माध्यमच फर्मेंटरबाहेर (किण्वनाच्या टाकीबाहेर) येतं, माझ्या दोन बॅच अशाच गेल्या. म्हणूनच मला सोफोरोलिपिड हे दुसरं जैविक सर्फॅक्टंट देणारं यीस्ट जास्त भावतं: फेस कमी, आणि उत्पादनाचा अनेकदा वेगळा थरच जमतो.